होम मॅनेजर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेल (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम), गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), एडिटर, फॉन्ट, कळफलक ही आपल्या संगणकावरची सगळी मांडणी एका फाइलीत लिहून ठेवायची आणि यंत्राला तीच पाळायला लावायची, हे होम मॅनेजरचं काम. त्याबद्दल जे प्रश्न सारखे येतात ते इथं एका जागी दिले आहेत. कमांड आणि पर्यायांची नावं वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

होम मॅनेजर नेमकं करतं काय?

तुम्ही 'होम.निक्स' नावाच्या फाइलीत लिहायचं, की मला रिपग्रेप आणि टीमक्स ही टर्मिनलमधली साधनं हवीत, गिटमध्ये माझं नाव असं असावं, बॅश या शेलमध्ये हे अलियास (लांब कमांडची छोटी नावं) असावेत. मग 'होम-मॅनेजर स्विच' ही कमांड द्यायची. फाइलीत लिहिलेलं सगळं तुमच्या होम डिरेक्टरीत उभं राहतं.

यात नवल काय, असं वाटेल. इन्स्टॉल करणारी शेल स्क्रिप्ट अनेकांकडे असतेच. फरक कळतो तो ओळ काढल्यावर. स्क्रिप्टमधली ओळ पुसली तर त्या ओळीनं आधी केलेलं काम यंत्रावर तसंच राहतं. दोन वर्षांपूर्वी हौसेनं टाकलेलं प्लगिन आणि त्यासाठी बदललेली तीन व्हेरिएबल्स कुठंतरी पडून असतात, आणि कधीतरी नको तिथं नडतात. होम मॅनेजरच्या फाइलीतली ओळ काढून स्विच केलं की ते पॅकेजही जातं आणि त्याची सेटिंग फाइलही जाते. नवीन लॅपटॉप दहा मिनिटांत तयार होतो याचंच कौतुक जास्त होतं, पण नवीन लॅपटॉप माणूस चार-पाच वर्षांतून एकदा घेतो. नको झालेलं काढून टाकायची वेळ दर आठवड्याला येते. माझ्या लेखी हे साधन वापरायचं खरं कारण तेच आहे.

हे कुणी आणि कधी केलं?

पाया निक्स या पॅकेज मॅनेजरचा, म्हणजे प्रोग्रॅम बसवणाऱ्या आणि काढणाऱ्या साधनाचा. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३ मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि २००६ मध्ये त्यावरच पीएचडीचा प्रबंध दिला. होम मॅनेजर रॉबर्ट हेल्गेसन यांनी २०१७ च्या सुमारास सुरू केलं. आता ते निक्स कम्युनिटी या सामूहिक छत्राखाली चालतं. मे आणि नोव्हेंबर अशा वर्षातून दोन आवृत्त्या निघतात, म्हणून आवृत्तीचं नाव २४.११, २५.०५ असं वर्ष-महिन्याचं असतं.

त्यासाठी निक्सओएस, म्हणजे निक्सवर उभं असलेलं लिनक्स, घ्यावं लागेल का?

नाही. उबुंटू, डेबियन, आर्च, मॅक, विंडोजच्या आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल२, यांपैकी कशावरही निक्स बसवा आणि त्यावर होम मॅनेजर. याला स्वतंत्र पद्धत म्हणतात. निक्सओएस असेल तर त्याच्या मोड्यूलमधून (मोड्यूल म्हणजे पर्यायांचा तयार संच) चालवता येतं, आणि मॅकची मांडणी निक्सनं सांभाळणाऱ्या निक्स-डार्विनमधूनही. डब्ल्यूएसएलशिवाय निव्वळ विंडोजवर मात्र चालत नाही.

दोन अडचणी आधीच सांगतो. निक्सला '/निक्स' ही डिरेक्टरी रूटमध्येच लागते, त्यामुळे निदान एकदा तरी ॲडमिन अधिकार हवेत. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते नसतील तर आयटी विभागाशी बोलणं आलं. दुसरं, मॅकवर कॅटलिना या आवृत्तीपासून मूळ डिस्क फक्त वाचण्यापुरती असते, म्हणून इन्स्टॉलर '/निक्स'साठी वेगळा व्हॉल्यूम तयार करतो. डिस्क युटिलिटीत तो अचानक दिसला तर घाबरून पुसू नका.

फाइल दिसते कशी? प्रोग्रॅमिंग यायला हवं का?

निक्सची स्वतःची भाषा आहे, पण सुरुवातीला तिचं अगदी थोडं लागतं. तीन ओळी सक्तीच्या : होम.युजरनेम, होम.होमडिरेक्टरी आणि होम.स्टेटव्हर्जन. पुढं होम.पॅकेजेसमध्ये पॅकेजांची यादी, आणि 'प्रोग्रॅम्स.गिट.एनेबल = ट्रू;' अशा थाटाच्या ओळी. फाइल 'डॉट कॉन्फिग' मधल्या होम-मॅनेजर या डिरेक्टरीत असते.

नवख्यांचा निम्मा वेळ दोन गोष्टी खातात. प्रत्येक विधानाच्या शेवटी अर्धविराम लागतो, आणि यादीतल्या वस्तूंमध्ये स्वल्पविराम नसतो, नुसती मोकळी जागा असते. जावास्क्रिप्ट किंवा पायथनची सवय असलेला माणूस बरोब्बर उलटं करतो. त्यात निक्सचे एरर मेसेज लांबलचक. ते वाचायची युक्ती सोपी आहे : थेट शेवटच्या चार ओळींकडे जायचं, वरचा पसारा सोडून द्यायचा. अर्धविराम विसरला असेल तर एरर बहुतेक वेळा पुढच्या ओळीचा नंबर दाखवते, तेव्हा एक ओळ वर पाहायचं.

एकच पर्याय दोन ठिकाणी वेगवेगळ्या किमतींनी (व्हॅल्यूंनी) लिहिला तर कुठली खरी हे निक्स स्वतः ठरवत नाही, सरळ थांबतं. तेव्हा एक काढा, किंवा जी चालावी असं वाटतं तिला 'एमकेफोर्स' लावा.

'प्रोग्रॅम्स.गिट' आणि नुसतं पॅकेज यादीत टाकणं, यात फरक काय?

यादीत टाकलं तर फक्त प्रोग्रॅम येतो. 'प्रोग्रॅम्स' खाली लिहिलं तर प्रोग्रॅम येतो आणि त्याची सेटिंग फाइलही होम मॅनेजर लिहितं. अशी शेकडो मोड्यूल तयार आहेत. ज्याचं मोड्यूल नाही त्याची फाइल 'होम.फाइल' वापरून जशीच्या तशी जागेवर ठेवता येते, त्यामुळे मोड्यूल नाही म्हणून कुणाचं अडत नाही. माझं मत विचाराल तर तुमची दोनशे ओळींची निओव्हिम फाइल आधीच चालत असेल, तर ती निक्सच्या भाषेत पुन्हा लिहायच्या फंदात पडू नका. 'होम.फाइल'नं जोडा आणि विसरून जा.

स्विच केल्यावर आत काय घडतं?

हे एकदा डोळ्यांनी पाहा, बऱ्याच शंका तिथंच मिटतात. गिटचं मोड्यूल चालू करून स्विच करा आणि 'डॉट कॉन्फिग' मधल्या गिट डिरेक्टरीत 'एलएस -एल' द्या. कॉन्फिग ही फाइल तिथं नसतेच, असतो तो सिमलिंक, म्हणजे दुसरीकडच्या फाइलीकडे बोट दाखवणारा दुवा. त्याचा बाण '/निक्स/स्टोअर' या निक्सच्या कोठारातल्या एका लांबलचक नावाकडे जातो : आधी ३२ अक्षरांचा हॅश (त्या वस्तूची ओळखखूण), मग 'होम-मॅनेजर-फाइल्स'. त्या हॅशमध्ये ई, ओ, टी आणि यू ही इंग्रजी अक्षरं तुम्हाला कधीच सापडणार नाहीत. चुकून एखादी इंग्रजी शिवी तयार होऊ नये म्हणून ती वगळली आहेत. आता बाणाच्या टोकाशी असलेल्या फाइलीची तारीख 'स्टॅट'नं पाहा. १ जानेवारी १९७०, पहाटे ५ वाजून ३० मिनिटं १ सेकंद. घड्याळ बिघडलेलं नाही. स्टोअरमधल्या प्रत्येक फाइलीला युनिक्सच्या शून्यानंतरचा पहिला सेकंद हीच वेळ दिली जाते, म्हणजे एकच वस्तू कुठल्याही यंत्रावर, कधीही बनवली तरी सारखीच निघते. भारतीय वेळेत तो सेकंद साडेपाचनंतर येतो.

स्टोअरमधली वस्तू एकदा तयार झाली की बदलत नाही. तुम्ही काही बदललं की नवा हॅश, नवी वस्तू. ती पूर्ण तयार झाल्यावरच सिमलिंक नवीकडे वळवले जातात. फाइलीत चूक असेल किंवा डाउनलोड मध्येच तुटलं, तर हे वळवणं होतच नाही आणि तुमची जुनी मांडणी जशीच्या तशी चालू राहते. पावसाळ्यात वीज जाणाऱ्या गावात काम करणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

'अमुक फाइल आधीच आहे' म्हणून स्विच अडतं. काय करू?

तुमची जुनी बॅशआरसी किंवा गिटची फाइल तिथं आहे आणि होम मॅनेजर तिच्यावर परस्पर लिहायला तयार नाही. हे त्याचं शहाणपणच. 'होम-मॅनेजर स्विच -बी बॅकअप' असं द्या, जुन्या फाइलीच्या नावामागं 'डॉट बॅकअप' लागेल आणि काम पुढं जाईल. मग जुन्या फाइलीतलं कामाचं तेवढं होम.निक्समध्ये आणा. हे लगेच करा, नाहीतर पीएचपीचा तो एक पाथ कुठं लिहिला होता हे सहा महिन्यांनी शोधत बसाल.

व्हेरिएबल लिहिलं, स्विच झालं, तरी टर्मिनलमध्ये दिसत नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कारण दोनांपैकी एक.

पहिलं : तुमचं शेल होम मॅनेजरच्या ताब्यात नाही. 'होम.सेशनव्हेरिएबल्स' मध्ये लिहिलेलं सगळं 'एचएम-सेशन-व्हार्स' नावाच्या एका छोट्या शेल फाइलीत जातं, आणि ती फाइल शेलनं सुरू होताना वाचायला हवी. प्रोग्रॅम्स.बॅश किंवा प्रोग्रॅम्स.झेडएसएच चालू असेल तर ही ओळ आपोआप घातली जाते. नसेल तर आपल्या प्रोफाइल फाइलीत ती हातानं घालावी लागते.

दुसरं : शेल ताब्यात आहे, पण तुम्ही जुन्याच लॉगिनमध्ये आहात. ती फाइल एकदा वाचली की 'वाचली आहे' अशी खूण ठेवते आणि त्यानंतर उघडलेली टर्मिनलं ती पुन्हा वाचत नाहीत. लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा.

बॅशऐवजी झेडएसएच हे लॉगिन शेल होम मॅनेजरनं करता येतं का?

नाही. ते '/ईटीसी' मध्ये लिहिलेलं असतं आणि होम मॅनेजर होम डिरेक्टरीच्या बाहेर हात घालत नाही. उबुंटूवर डिस्ट्रोचंच, म्हणजे उबुंटूच्याच पॅकेजमधलं, झेडएसएच बसवून 'सीएचएसएच' (लॉगिन शेल बदलायची कमांड) करा, सेटिंग तेवढी होम मॅनेजरकडे ठेवा.

मराठी फॉन्ट आणि मराठी टायपिंग यातून लावता येतं का?

येतं, पण फॉन्ट जितके सहज लागतात तितकं टायपिंग लागत नाही.

फॉन्टसाठी नोटो या फॉन्टसंचाचं पॅकेज यादीत टाका आणि 'फॉन्ट्स.फॉन्टकॉन्फिग.एनेबल' ट्रू करा. ही दुसरी ओळ लोक हमखास विसरतात, मग फॉन्ट डिस्कवर असतो आणि प्रोग्रॅमांना दिसत नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं केलेला 'मुक्त' नावाचा फॉन्ट हवा असेल तर गूगल फॉन्ट्सचं अवाढव्य पॅकेज ओढायची गरज नाही. फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे. त्याच्या टीटीएफ फाइली आपल्या कॉन्फिगच्या डिरेक्टरीत ठेवा आणि 'होम.फाइल'नं 'डॉट लोकल/शेअर/फॉन्ट्स' मध्ये जोडा. ती जागा फॉन्टकॉन्फिग मुळातच वाचतं.

'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात, ही पुढची तक्रार. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं तरच मराठी वळण बाहेर येतं. ब्राउझरमध्ये ते पानाच्या भाषेच्या खुणेवर ठरतं, ते तुमच्या हातात नाही. डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमांत लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) 'एमआर_आयएन' असेल तर बरेचदा जमतं, पण प्रोग्रॅमनुसार फरक पडतो. लोकेल बदलून मेनूसुद्धा मराठी नको असतील, तर ज्या फॉन्टाचं मूळ वळणच मराठी आहे असा फॉन्ट घेणं सरळ.

टायपिंगचं ग्नोम या डेस्कटॉपपुरतं सांगतो. कळफलकांची यादी डीकॉन्फ या डेटाबेसात असते आणि होम मॅनेजरचा 'डीकॉन्फ.सेटिंग्ज' पर्याय तिथं लिहू शकतो. मात्र तिथली किंमत म्हणजे जोड्यांची यादी : पहिल्या घरात 'एक्सकेबी' किंवा 'आयबस' (कळफलक हाताळणाऱ्या दोन व्यवस्था), दुसऱ्यात कळफलकाचं नाव. निक्सच्या साध्या यादीनं ती जोडी बनत नाही, 'एचएम.जीव्हेरियंट' मधलं 'एमकेटपल' वापरावं लागतं. इंग्रजी आणि मराठी कगप (उच्चारानुसार टाइप करायचा) असे दोन कळफलक असे लावले की नव्या यंत्रावर पहिल्या लॉगिनपासून मराठी टाइप करता येतं. इनस्क्रिप्टवाल्यांनी आयबसचं एमसेव्हन्टीनएन इंजिन घ्यावं, पण ते इंजिन डिस्ट्रोच्या पॅकेजमधून बसवावं. ग्नोम स्वतःचा आयबस चालवतो आणि निक्समधून आणलेलं इंजिन त्याला सापडेलच असं नाही. ग्नोम वापरत नसाल, स्वे किंवा तत्सम काही असेल, तर फसिटिक्स५ (आयबससारखंच साधन) आणि त्याचं एमसेव्हन्टीनएन ॲडऑन होम मॅनेजरच्या 'आय१८एन.इनपुटमेथड' मधून लावता येतं.

प्रोग्रॅम म्हणतो, सेटिंग सेव्ह करता येत नाही. का?

कारण सेटिंगची फाइल आता स्टोअरमध्ये आहे आणि स्टोअर फक्त वाचण्यापुरतं आहे. व्हीएस कोडमध्ये माउसनं एखादी सेटिंग बदलायला जा, लगेच तक्रार येते. या साधनाची खरी किंमत इथं मोजावी लागते, आणि ती प्रत्येकाला परवडतेच असं नाही. फाइलीत आहे तेच खरं, हा नियम स्वीकारला की प्रोग्रॅमच्या खिडकीत जाऊन बदल करायची सवय सोडावी लागते.

मधला मार्ग आहे. 'एमकेआउटऑफस्टोअरसिमलिंक' नावाचं फंक्शन वापरलं की सिमलिंक स्टोअरमध्ये न थांबता शेवटी तुमच्या गिट डिरेक्टरीतल्या फाइलीकडे जातो. मग प्रोग्रॅम तिथं लिहू शकतो, आणि काय बदललं ते 'गिट डिफ'मध्ये दिसतं. रोज बोट लागणाऱ्या फाइलींना हे करा, बाकीच्या स्टोअरमध्ये राहू द्या. एक लक्षात ठेवा : अशा फाइलींवर मागच्या जनरेशनवर (आधीच्या स्विचच्या जपून ठेवलेल्या मांडणीवर) जाण्याचा परिणाम होत नाही, कारण त्या स्टोअरमध्ये नाहीतच.

डीकॉन्फचं वागणं आणखी निराळं. ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये तुम्ही हातानं केलेला बदल टिकतो, पण पुढच्या स्विचपर्यंतच. ती किंमत होम.निक्समध्ये लिहिलेली असेल तर स्विच होताच पुन्हा फाइलीतली येते. वॉलपेपर दर आठवड्याला बदलणाऱ्यांनी तो फाइलीत लिहू नये.

फायरफॉक्सच्या सेटिंग लिहिल्या, काहीच झालं नाही.

उबुंटू वापरता ना? तिथला फायरफॉक्स स्नॅप या उबुंटूच्या वेगळ्या पॅकेज पद्धतीचा असतो आणि त्याचं प्रोफाइल स्नॅपच्या स्वतःच्या डिरेक्टरीत असतं. होम मॅनेजर लिहितं नेहमीच्या मोझिलाच्या डिरेक्टरीत, आणि स्नॅप तिकडे बघतही नाही.

उबुंटूवर निक्समधून आणलेलं टर्मिनल उघडतच नाही, ओपनजीएलची एरर येते.

निक्समधले प्रोग्रॅम ग्राफिक्सचा ड्रायव्हर '/रन/ओपनजीएल-ड्रायव्हर' मध्ये शोधतात. ती जागा निक्सओएसवर असते, उबुंटूवर नसते. निक्सजीएल नावाचं वेष्टण घालून हे सोडवता येतं आणि होम मॅनेजरमध्ये त्याची सोयही आहे. पण मी सांगेन की निक्सओएस नसेल तर खिडकीवाले प्रोग्रॅम डिस्ट्रोतूनच घ्या, आणि टर्मिनलमधली साधनं होम मॅनेजरमधून. बऱ्याच मोड्यूलना 'पॅकेज = नल' सांगता येतं, म्हणजे प्रोग्रॅम डिस्ट्रोचा आणि सेटिंग तेवढी तुमची.

एका बाबतीत तर हट्ट नकोच : स्क्रीन लॉक करणारे प्रोग्रॅम. स्वेलॉक किंवा आय३लॉक निक्समधून आणून उबुंटूवर चालवला तर बरोबर पासवर्डसुद्धा तो मानत नाही, असं घडतं, कारण पासवर्ड तपासणारी पॅम ही व्यवस्था डिस्ट्रोची असते आणि दोघांचं जुळत नाही. आपलाच लॅपटॉप आपल्यालाच बंद. दुसऱ्या कन्सोलवर जाऊन तो प्रोग्रॅम मारावा लागतो.

लोकेलबद्दल इशारे येत असतील तर 'टार्गेट्स.जेनेरिकलिनक्स.एनेबल' ट्रू करा. निक्सओएस सोडून इतर लिनक्सवर ही ओळ पहिल्याच दिवशी घालावी.

फ्लेक वापरू की चॅनल?

फ्लेक. पॅकेजसंग्रह (निक्सच्या सगळ्या पॅकेजांचा साठा) कुठून घ्यायचा ते ठरवायच्या या दोन पद्धती. निक्सच्या २.४ या आवृत्तीत २०२१ मध्ये फ्लेक आले आणि अजूनही त्यांच्यावर 'प्रायोगिक' असा शिक्का आहे, त्यामुळे निक्सच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ घालून ते चालू करावे लागतात. शिक्का असला तरी सर्रास वापरात आहेत. कारण फ्लेकच्या लॉक फाइलीत पॅकेजसंग्रहाची नेमकी कुठली स्थिती वापरायची ते लिहिलेलं असतं. चॅनल प्रत्येक यंत्रावर वेगळ्या दिवशी अद्ययावत होतो, म्हणजे होम.निक्स तीच असून घरच्या आणि ऑफिसच्या यंत्रावर निओव्हिमच्या आवृत्त्या वेगळ्या. मग 'फाइलीत आहे तेच यंत्रावर' या म्हणण्याला अर्थ काय राहिला?

फ्लेकचा एक काच सगळ्यांना एकदा तरी लागतो. नवी फाइल लिहिली, ती इम्पोर्ट केली आणि निक्स म्हणतं अशी फाइलच नाही. तुम्ही समोर बघताय, फाइल आहे! गिट डिरेक्टरीतला फ्लेक फक्त गिटला माहीत असलेल्या फाइली पाहतो. 'गिट ॲड' करा. कमिट करायची गरज नाही.

आवृत्ती वाढवताना स्टेटव्हर्जनही वाढवायचं का?

नाही. ते पहिल्यांदा बसवताना जे होतं तेच ठेवा. तुमच्या पॅकेजांच्या आवृत्तीशी त्याचा संबंध नाही. वाढवायची ती होम मॅनेजरची शाखा आणि पॅकेजसंग्रहाची शाखा, दोन्ही एकाच नंबरवर. एक २४.११ आणि दुसरी २५.०५ असेल तर इशारा मिळतो. तो दाबून टाकायचा पर्यायही आहे, पण वापरू नका.

पर्यायांची नावं अधूनमधून बदलतात. जुनं नाव सहसा काही काळ चालतं आणि नवं काय ते इशाऱ्यात लिहिलेलं असतं. 'होम-मॅनेजर न्यूज' ही कमांड अशा बदलांच्या बातम्या देते, अपडेटनंतर तिच्यावर नजर टाकावी.

बिघडलं तर मागं कसं जायचं?

प्रत्येक यशस्वी स्विचची एक जनरेशन जपून ठेवलेली असते. 'होम-मॅनेजर जनरेशन्स' दिलं की तारखेसह यादी येते, प्रत्येकीपुढं स्टोअरमधला पाथ. हव्या त्या पाथमधली 'ॲक्टिव्हेट' नावाची स्क्रिप्ट चालवा, झालं. नेटसुद्धा लागत नाही.

हे परत जाणं मांडणीपुरतं असतं. नव्या आवृत्तीच्या प्रोग्रॅमनं आपला डेटाबेस नव्या रूपात लिहून ठेवला असेल तर जुनी आवृत्ती तो वाचेलच असं नाही. होम मॅनेजर म्हणजे बॅकअप नव्हे. फोटो, कागदपत्रं आणि ब्राउझरचा इतिहास याच्या कक्षेत येत नाहीत.

डिस्क किती खातं? मोबाइल हॉटस्पॉटवर चालेल का?

पहिल्या वेळी नाही. पॅकेजसंग्रहाची माहिती आणि पॅकेजं मिळून बराच डेटा उतरतो, तेव्हा वायफाय पाहून सुरू करा. नंतरचे छोटे बदल हलके असतात. फ्लेक अपडेट केलं की मात्र पुन्हा बरंच उतरतं, कारण खालच्या लायब्ररीचा हॅश बदलला की तिच्यावर उभं असलेलं सगळं नव्यानं येतं. बांधलेली पॅकेजं बहुतेक निक्सच्या सर्व्हरवरच्या कॅशमधून आयती मिळतात. तुमचं यंत्र काही तास कंपाइल करत बसलं तर समजा, की ते पॅकेज कॅशमध्ये नाही किंवा तुम्ही त्यात काहीतरी बदललं आहे.

डिस्क काही महिन्यांत काही जीबीनं भरते, कारण जुन्या जनरेशन्स आपलं सामान धरून ठेवतात. 'होम-मॅनेजर एक्स्पायर-जनरेशन्स'ला तीस दिवस सांगा आणि मग 'निक्स-कलेक्ट-गार्बेज' चालवा. तरीही जागा सुटत नसेल तर 'रिझल्ट' नावाचे सिमलिंक शोधा. कुठंतरी बिल्ड करून पाहिलेलं असतं आणि तो एक सिमलिंक अख्खं झाड धरून बसलेला असतो.

पासवर्ड आणि टोकन यात लिहिले तर?

लिहू नका. स्टोअर त्या यंत्रावरच्या प्रत्येक वापरकर्त्याला वाचता येतं. शिवाय फाइल गिटमध्ये जाते आणि लोक ती हौसेनं सार्वजनिक करतात. सॉप्स-निक्स किंवा एजनिक्स वापरा : स्टोअरमध्ये कूटबद्ध रूप जातं आणि उलगडलेलं रूप स्टोअरच्या बाहेर ठेवलं जातं. एसएसएचची खाजगी किल्ली हातानंच न्यावी, मी तरी तेच करतो.

घरी लिनक्स, ऑफिसात मॅक. एकच फाइल चालेल?

एकच गिट रेपो चालेल. सामाईक भाग एका फाइलीत, यंत्रापुरतं वेगळं दुसऱ्या दोन छोट्या फाइलींत, आणि त्यांनी सामाईक फाइल इम्पोर्ट करायची. फ्लेकमध्ये प्रत्येक यंत्राला 'वापरकर्ता@यंत्र' असं नाव द्या, स्विच आपोआप योग्य ते उचलतं. लिनक्सवरच्या सिस्टिमडीच्या सेवा (मागं चालत राहणारे प्रोग्रॅम) मॅकवर चालणार नाहीत, तिथं लाँचडी आहे. ऑफिसचा ईमेल गिटमध्ये घरच्या कमिटवर जाऊ नये, याची काळजी या दोन छोट्या फाइलीच घेतात.

स्टो, शेमवा किंवा नुसतं गिट पुरणार नाही का?

अनेकांना पुरतं, आणि पुरत असेल तर इकडे येऊ नका. ग्नू स्टो फक्त सिमलिंक करतं आणि अर्ध्या तासात समजतं. शेमवा टेम्प्लेट आणि पासवर्ड मॅनेजरशी जोडणी देतं, फाइली साध्या लिहिण्याजोग्या ठेवतं आणि विंडोजवरही चालतं. दोन्ही फाइली सांभाळतात, प्रोग्रॅम आणि त्यांच्या आवृत्त्या सांभाळणं हा त्यांचा प्रांत नाही. तुमच्या सर्व्हरवर, घरी आणि ऑफिसात एकाच आवृत्तीची साधनं हवी असतील, तर होम मॅनेजरची मेहनत वसूल होते. स्कीम भाषेचे चाहते असाल तर ग्नू गीक्सचं गीक्स होम हेच काम त्याच विचारानं करतं.

सुरुवात कुठून करू?

'होम-मॅनेजर इनिट'नं मिळणारी फाइल घ्या, तिच्यात रोजची पाच साधनं टाका आणि गिटचं मोड्यूल लावा. पंधरवडाभर एवढ्यावरच राहा. दुसऱ्या कुणाचा तीन हजार ओळींचा रेपो उचलून आणू नका. त्यात त्या माणसाच्या सवयी असतात, आणि एरर आली की कुणाच्या सवयीतून आली हेही कळत नाही. शेल सगळ्यात शेवटी द्या, कारण तिथं चूक झाली तर दुरुस्तीसाठी उघडायचं टर्मिनलच रुसलेलं असतं.

नाही जमलं, तर काढून कसं टाकायचं?

'होम-मॅनेजर अनइन्स्टॉल'. सगळे सिमलिंक जातात. 'डॉट बॅकअप' झालेल्या जुन्या फाइली आपोआप परत येत नाहीत, त्यांची नावं हातानं बदलावी लागतात. निक्स वेगळं काढावं लागतं. आणि सध्याच्या सेटिंग फाइली साध्या फाइली म्हणून जवळ ठेवायच्या असतील तर हे सगळं करण्याआधी 'सीपी -एल' नं (इथला एल कॅपिटल) त्यांची प्रत दुसरीकडे काढा, सिमलिंकऐवजी आतला मजकूर येतो. त्या प्रती वाचण्यापुरत्याच निघतील, 'सीएचमॉड यू+डब्ल्यू' केल्यावर त्यांत लिहिता येतं.